वरचं टोक आप्पांचं, खालचं ताडमामांचं

शेवटच्या दिवशी सकाळी आप्पांनी ताडमामांना घरातून हाकलून दिलं. "नीघ इथून, आणि पुन्हा तोंड दाखवू नकोस," असं म्हणाले. आणि दुपारचा चहा व्हायच्या आत आप्पाच गेले.

झालं असं. ताडमामा रोजच्यासारखे सकाळी आले. आप्पा पलंगावर पाठीला उशा लावून बसलेले, कारण आडवं झालं की श्वास अडकायचा. आई स्वयंपाकघरात. काका, म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन. डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं होतं, आप्पा नाही म्हणत होते, आणि ताडमामांना ते मान्य नव्हतं. रोज त्यावरूनच जुंपायची.

"काय ठरवलंस मग?"

"तेच. छातीला सुरी लावू देणार नाही."

"भितोस."

"भितो तर भितो. तुला काय करायचंय?"

"आख्खं आयुष्य वरचं टोक धरून चाललास खुंट्या. ओझं सगळं खाली, माझ्या अंगावर. आता एकदा स्वतःवर वेळ आली तर शेपूट घालतोस. भित्रा तर आहेसच, वर आपमतलबी. तू गेल्यावर वहिनींनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

तेव्हा आप्पा ते बोलले, तोंड दाखवू नकोस म्हणून. काय तो आवाज, त्या अंगात तेवढा आवाज उरला होता हेच नवल. काका धावत आत आले, ताडमामांचा दंड धरला आणि त्यांना बाहेर काढलं. ताडमामांनी हात सोडवून घेतला नाही. चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकले तेवढेच, आणि गेले.

आई आत गेली तर आप्पा डोळे मिटून पडलेले.

"गेला का?"

"गेले. काय बोलता हो एकमेकांना. वय काय, दुखणं काय."

आप्पांनी जरा श्वास घेतला. मग म्हणाले, "उद्या तो यायच्या आधी ती खुर्ची खिडकीपासून सरकवून ठेव. उन्हात बसतो आणि मग दिवसभर डोकं धरून माझ्या नावानं ओरडतो."

आई बरं म्हणाली आणि कामाला लागली. चहा घेऊन परत गेली तेव्हा सगळं संपलं होतं.

हे खुर्चीचं फक्त आईनं ऐकलं. बाकीच्यांनी ऐकलं ते तोंड दाखवू नकोस. काकांनी तर आलेल्या प्रत्येकाला तेच सांगितलं, "त्याच्या जिभेनं माझा भाऊ मारला." डॉक्टर म्हणाले हे केव्हाही होणार होतं, पण डॉक्टरांचं कोण ऐकतंय.

आता हे दोघे कोण, कसे, ते सांगायला पाहिजे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की एक दुष्ट माणूस होता आणि एक बिचारा. तसं काही नव्हतं. दोघेही सारखेच होते, जिभेला हाड नसलेले.

आप्पा आणि ताडमामा काचेच्या कामातले. मोठमोठ्या काचा, आरसे, दुकानांची तावदानं माडीवर नेऊन बसवायची. तरुणपणी दोघे एकाच मालकाकडे लागले. आप्पा बुटके आणि ताडमामा ताडासारखे, म्हणून मालकानं त्यांची जोडी लावली. चेष्टा म्हणून नाही हां. जिन्यात मोठी काच उभी धरून नेताना एकजण वरच्या पायरीवर असतो, एकजण खालच्या. वरचा बुटका आणि खालचा उंच असला की काच सरळ राहते. म्हणून वरचं टोक कायम आप्पांचं आणि खालचं ताडमामांचं. चढतानाही तेच, उतरतानाही तेच.

यात एक गोष्ट आहे, ती बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. वरच्याचा हात सुटला तर वरच्याला काही होत नाही. काच खालच्याच्या अंगावर येते.

आणि त्या कामात एक नियम होता. काच हातात असेपर्यंत फक्त कामाचं बोलायचं. पायरी. वळण. जरा थांब. टेकव. बाकी एक शब्द नाही. भांडण अर्धं असेल तर अर्धं ठेवायचं. त्यामुळे यांची भांडणं मजल्यामजल्यानं चालायची. खाली दारात आप्पा म्हणायचे, "तू गाढव आहेस," आणि काच उचलायचे. मग सगळा जिना शांत, नुसतं पायरी, पायरी. वर काच टेकवली की ताडमामा घाम पुसून म्हणायचे, "गाढव तुझा बाप." घरमालकांना कळायचंच नाही की हे कुठून आलं.

नाव घेऊन त्यांनी एकमेकांना कधी हाक मारली नाही. आप्पा त्यांना ताड्या म्हणायचे, ते आप्पांना खुंट्या. आम्हा मुलांना काका आधीच एक होते, म्हणून ते मामा झाले, ताडमामा. आई त्यांना भावजी म्हणायची.

पुढे दोघांनी मिळून स्वतःचं दुकान काढलं. बाजारामागच्या गल्लीत, लांबट, भिंतीला काचा उभ्या लावलेल्या, मध्ये कापायचं टेबल आणि त्यावर जुनी सतरंजी. दुकान कुठल्या रंगाचं करायचं यावरून एवढं भांडण झालं की अर्धं शटर हिरवं आणि अर्धं निळं झालं. ते तसंच आहे अजून.

मग ताडमामांची बायको घर सोडून गेली. का गेली ते कुणी विचारलं नाही. आप्पांनी घरी येऊन आईला एवढंच सांगितलं, "उद्यापासून डब्यात दोघांचं दे." आई दोघांचं द्यायला लागली. आणि त्या बाईबद्दल आप्पांच्या तोंडून चकार शब्द नाही. बाकी ताडमामांच्या नाकापासून चपलेपर्यंत सगळ्यावर बोलायचे, पण त्यावर नाही. वर्षानुवर्षं नाही.

ते एकदाच बोलले. तेही सांगते.

आप्पांना साखरेचा आजार लागला आणि बोटं बधिर व्हायला लागली. आधी मुंग्या, मग त्या पण नाहीत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आईला कळलं होतं, कारण गरम भांडं ते हातात धरून उभे राहायला लागले होते. आई म्हणाली, "भावजींना सांगा." आप्पा म्हणाले, "सांगतो." पण ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय. सांगितलं नाहीच.

एका कापडाच्या दुकानात वरच्या मजल्यावर मोठा आरसा चढवायचा होता. हातमोजे घातले की आप्पांना आरशाची कड लागेना. काचवाल्याचा सगळा जीव बोटात असतो, बोटाला कड कळली नाही की तो घाबरतो. म्हणून आप्पांनी काय केलं, मोजे काढून ठेवले. उघड्या हातानं तरी कळेल म्हणून. दुसरं कुणी हे करणार नाही, बोटं बधिर झाली तर जास्तच जपेल. पण काचवाला मोजे काढतो.

जिन्याच्या मध्यावर गेले आणि ताडमामांना खालून दिसलं की आरशावरून रक्ताचा ओघळ खाली येतोय. आप्पांचा तळवा चिरला होता आणि आप्पांना पत्ता नाही. ते आपले पुढे बघून चढतायत.

ताडमामा काही बोलले नाहीत. पायरी. पायरी. वळण. पायरी. टेकव. आरसा भिंतीला टेकला, नीट उभा राहिला, आणि मग ताडमामांचं तोंड सुटलं. दुकानदार, कामाच्या बायका, गिऱ्हाईक, सगळ्यांसमोर.

"मेलेला हात घेऊन माझ्या डोक्यावर काच धरतोस? किती दिवस झाले हे? माणूस मारशील तू खुंट्या. तू संपलास. तुझ्या टोकाखाली मी तर नाहीच, माझं मढंसुद्धा उभं राहणार नाही."

आप्पांच्या तळहातातून रक्त गळत होतं. लोक बघत होते. आणि आप्पा म्हणाले, "तुझ्या हातात तर बायको टिकली नाही. तू मला हाताचं सांगू नकोस."

तिथंच संपलं. ताडमामा जिना उतरून गेले.

त्यानंतर दोघे बोलायचे बंद झाले. दुकान मात्र कुणी सोडेना. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना दोघे, एकमेकांकडे पाठ करून. गिऱ्हाईक आलं की आप्पा त्याला म्हणायचे, "त्यांना सांगा माप लिहून द्यायला." आणि ताडमामा हातभर अंतरावरून म्हणायचे, "त्यांना सांगा, कानात बोळे घातलेत का, माप मघाशीच दिलंय." गिऱ्हाईक बिचारं मध्ये उभं राहून एकाचे निरोप दुसऱ्याला सांगायचं.

आप्पांनी आईला सांगितलं, "उद्यापासून डब्यात एकाचंच दे."

आई म्हणाली, "मी तुमच्या भांडणाच्या हिशेबानं स्वयंपाक करत नाही. दोघांचा होतो, दोघांचाच जाईल. तुम्हाला वाढायचं नसेल तर टेबलावर ठेवून बाहेर जाऊन बसा."

आप्पा खरंच डबा ठेवून बाहेर जाऊन बसायचे. डबा रिकामा परत यायचा, घासलेला. आई तो उघडून बघायची आणि पालथा घालायची. तिचं म्हणणं एकच, जेवतायत ना, मग अजून तुटलेलं नाही.

असे बरेच महिने गेले. मग एकदा आप्पांनी कपाटाच्या दाराची काच कापली आणि ती आखूड भरली. ताडमामांनी काच दाराला लावून बघितली, आणि सरळ आप्पांकडे तोंड करून म्हणाले, "डोळे पण गेले का?"

"आकडा कुणी लिहिला? हा आठ आहे की तीन?"

"आंधळ्याला दोन्ही सारखेच."

"अडाण्याचं अक्षर आंधळ्यालाच वाचायला लागतं."

दुपारभर भांडले म्हणे. शेजारचा कुलुपवाला मिटवायला आला, त्याला दोघांनी मिळून हाकलला. संध्याकाळी आप्पा घरी आले, पोटभर जेवले, पुन्हा मागून जेवले. आईनं विचारलं, "काय झालं आज?" तर म्हणाले, "भांडलो ताड्याशी," आणि हात धुवायला गेले, गुणगुणत.

पण ते दोन शब्द, मढ्याचा आणि बायकोचा, ते कुणीच परत घेतले नाहीत. आई मागे लागली होती. "भावजींची माफी मागा. ते बायकोवरून बोललात ते फार वाईट बोललात."

"माहीत आहे."

"मग मागा की."

"मागायची तर परत तोच विषय काढावा लागेल. एकदा ऐकलंय त्यानं. पुन्हा कशाला ऐकवू?"

आईला हे पटलं नाही. पण एक तिनं बघितलं. आप्पांनी त्यानंतर जिन्याच्या कामाला हात लावला नाही. मोजे घालून टेबलावर बसले, चौकटी करू लागले, आरशांना कडा लावू लागले. म्हणजे ताडमामा म्हणाले तेच केलं, फक्त त्याचं ऐकून करतोय असं मरेपर्यंत कबूल केलं नाही. आणि ताडमामांनी वजन उचलायला दुसरा माणूस घेतला, पण दुकानात त्याला आप्पांच्या बाजूला बसू दिलं नाही. ती जागा तशीच.

असे हे दोघे. म्हणून आप्पा गेल्यावर काका जे सांगत होते ते ऐकून आईला कसंतरी व्हायचं. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस तिलाही राग आला होता. शेवटचे शब्द माणसाच्या कानात जे गेले ते भित्रा आणि आपमतलबी. तिला झोप लागायची नाही. पण मग खुर्ची आठवायची. मरणाच्या दारातला माणूस उद्याचा विचार करतो, आणि उद्या कोण येणार आहे हे त्याला पक्कं माहीत असतं. ज्याला तोंड बघायचं नाही त्याच्या डोक्याला ऊन लागेल याची काळजी कोण करतं?

ताडमामा मात्र आले नाहीत. आप्पांना नेलं त्या दिवशी ते रस्त्याच्या पलीकडे उभे होते, सगळ्यांपेक्षा वीतभर उंच, लपायचं म्हटलं तरी लपता येत नाही असा माणूस. अलीकडे आले नाहीत. नंतर पण नाही. लोक येत होते, बसत होते, जात होते. आई दर वेळी दाराकडे बघायची.

शेवटी ती काकांना म्हणाली, "मी भावजींना बोलवायला जाते."

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "वहिनी, तो माणूस या घरात आला तर मी उठून जाईन."

"कुठे जाशील? तुझं घर समोरच आहे. दारातून दिसशीलच."

"तो दादाला काय काय बोलला ते मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"मी जन्मभर ऐकलंय. तू एक दिवस ऐकलंस आणि न्यायाधीश झालास."

काकांना आईनंच लहानाचं मोठं केलेलं, त्यामुळे ते नुसते तोंड फुगवून बसले. आईनं चप्पल घातली आणि एकटी निघाली.

दुकानाचं शटर अर्धं वर होतं. ताडमामा टेबलावर वाकून काच कापत होते. हातात काच कापायचा हिरा, पट्टी लावलेली. आईला बघितलं, पण रेघ पूर्ण होईपर्यंत थांबले नाहीत. काच टकटक करून तुकडा वेगळा केला, बाजूला ठेवला, मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही कशाला आलात?"

"तुम्ही येत नाही म्हणून."

"मला नको म्हणून सांगितलंय. मालकानंच सांगितलंय घराच्या."

"तुम्हाला त्यांनी आजवर कितीदा नीघ म्हटलं?"

"या वेळी तो परत ये म्हणायला राहिला नाही." ताडमामांनी टेबलावरची काचेची कच ब्रशनं गोळा करायला घेतली. "आणि मी जे बोललो ते घेऊन तो गेला. मी काय तोंड घेऊन येऊ?"

मग आईनं खुर्चीचं सांगितलं. जसंच्या तसं, आप्पांच्या शब्दात.

ताडमामांचा ब्रश थांबला. मग म्हणाले, "माझ्या समजुतीसाठी सांगताय तुम्ही."

"मी खोटं बोलते?"

"चांगल्या मनानं बोलता. मला माहीत आहे."

आईला राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट राग आला. "भावजी, तुमचं मन राखायला खोटं बोलण्याइतके तुम्ही मला आवडत नाही. माझ्या घरात येऊन तुम्ही माझ्या आजारी नवऱ्यावर ओरडलात. वाट्टेल ते बोललात. ते मी विसरलेली नाही आणि विसरणार पण नाही. पण ते म्हणाले ते म्हणाले. उन्हात बसतो आणि डोकं धरून ओरडतो, असंच म्हणाले."

"मी कधी ओरडलो?"

"रोज."

"ओरडलो नाही. सांगायचो. आणि ती खुर्ची उन्हात ठेवायचं कोण? तोच. मुद्दाम ठेवायला लावायचा तुम्हाला. खिडकीजवळ ठेव, उजेडात त्याचं थोबाड नीट दिसतं, असं म्हणायचा. मी ऐकलंय. आणि वर मलाच नाव ठेवतो, ओरडतो म्हणून. लबाड कुठला. म्हणजे शेवटपर्यंत लबाडच..."

आणि बोलता बोलता ते टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभे राहिले, मान खाली घालून. एवढा उंच माणूस, दुमडल्यासारखा झाला. आई आप्पांचं स्टूल होतं त्यावर बसून राहिली.

मग ताडमामा म्हणाले, "ऑपरेशन करायला पाहिजे होतं त्यानं."

"पाहिजे होतं."

"तुम्ही जोर करायला पाहिजे होता. तुम्ही लाडावून ठेवलात त्याला."

हे आईला लागलं. खोल लागलं. तिनं पदर सावरला आणि उठली. शटरपाशी जाऊन वळली. "ते मी माझं बघीन. तुम्ही उद्या सकाळी या. नाही आलात तर मी परत येईन. परवा पण येईन. मला दुसरं काही काम नाही आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी चार माणसं बसलेली होती, काका दाराशीच. ताडमामा आले. काका उठून उभे राहिले, दार अडवल्यासारखे.

"या भावजी," आई आतून म्हणाली.

काका जरा बाजूला झाले. पूर्ण नाही, जरा. ताडमामा वाकून आत आले आणि बसले नाहीत. भिंतीवरच्या आप्पांच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. काकांनी तो बाजारातून तयार चौकट आणून लावला होता.

"हे कुणी केलं?"

"मी आणली," काका म्हणाले.

"तरीच. काच आतून पुसलेली नाही. हा बघा केस अडकलाय." त्यांनी फोटो भिंतीवरून काढला, जमिनीवर मांडी घातली, आणि फोटो पालथा मांडीवर घेतला. मागचे बारीक खिळे नखानं चाचपून बघितले. मग उलटा करून तोंडाकडे बघितलं. "फोटो काढताना तरी हसायचं. कुणी मारलं असतं का खुंट्या तुला?"

बसलेल्यांपैकी एक बाई चरकली. काकांचा चेहरा लाल झाला. ते आईकडे बघायला लागले, की आता तरी काही बोल. आई ताडमामांच्या हाताकडे बघत होती.

ताडमामांनी मान वर न करता हात पुढे केला. "पक्कड."

कुणी हललं नाही. हात तसाच पुढे.

काका आत गेले. खण ओढल्याचा आवाज आला, मग दुसरा ओढल्याचा.

"सगळ्यात खालच्या खणात आहे," आई म्हणाली.